ट्रकचं नाक वाचलं तेव्हा

मी आयुष्यभर ट्रक बांधले असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे कारखान्यात होतात का?" कारखान्यात नव्हतो. कारखान्यात ट्रक अर्धाच व्हायचा. उरलेला अर्धा आमच्यासारखे मिस्त्री रस्त्याकडेच्या शेडमध्ये करायचे, आणि माझ्या मते तोच अर्धा महत्त्वाचा होता. पहिला अर्धा करणाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल. त्यांना दिवाळी अंकात लिहायला बोलावलं की ते सांगतीलच.

पूर्वी कंपनीतून बाहेर पडायची ती नुसती चासी. लोखंडी सांगाडा, चाकं, इंजिन, इंजिनावरचं लांब नाक आणि स्टेअरिंग. छप्पर नाही, दार नाही, बसायला जागा नाही. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, धूळ खात ती आमच्या दारात आणून उभी करायचा. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या अलीकडे आमची शेड होती. वडिलांनी सुरू केलेली, मी चालवलेली. आम्ही सागवानाची चौकट उभी करायचो, तिच्यावर पत्रा मढवायचो, दारं लावायचो. ही झाली केबिन. मागे माल भरायला हौदा, आणि हौद्याला मागच्या बाजूनं उघडणारा फाळका. काम चालू असेपर्यंत ड्रायव्हर शेडमध्येच मुक्काम ठोकायचा. स्वतःचं घर बांधायला काढलेला माणूस लांब जाऊन बसत नाही, आणि त्याचं घर तेच होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक जण आईला घेऊन आला होता. म्हातारीनं केबिनमधल्या झोपायच्या फळीवर आडवं होऊन बघितलं, कूस बदलून बघितली आणि म्हणाली, "ह्याला एवढ्यात झोप यायची नाही, वीतभर वाढवा." वाढवली. दुसऱ्याला छताला भक्कम कडी हवी होती. मला वाटलं कंदील टांगायचा असेल. म्हणाला, "बायको नि तान्हं पोर संगं असतंय. झोळी बांधायचीय." ती कडी मी दोन तुळयांमध्ये पोलादी पट्टी घालून बसवली आणि तिला स्वतः लोंबकळून बघितलं. वर्षभरानं तो परत आला तेव्हा झोळीतलं पोर गुटगुटीत झालं होतं आणि गाडी बंद पडली की रडायचं. इंजिनाच्या घरघरीशिवाय त्याला झोपच यायची नाही म्हणे.

मग कंपन्यांमधून तयार केबिन येऊ लागल्या. चांगल्या असतात, खोटं का बोला. थंडगार हवा, मऊ सीट. आमचं काम आटलं, माणसं पांगली, आणि एके दिवशी मी रंधे, पटाश्या, करवती गोणपाटात गुंडाळून शेडच्या माळ्यावर ठेवल्या. मला वाईट वाटलं, पण दुकानं बंद होतातच.

हे सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो. ते माझ्या नातीला मान्य नव्हतं.

सना माझ्या मुलीची मुलगी. कोथरूडला राहते, वाघोलीच्या कॉलेजात डिझाइन शिकते. डिझाइन म्हणजे काय हे मी तिला तीन-चारदा विचारलं आहे आणि दरवेळी वेगळं उत्तर मिळालं आहे. मागच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली होती. एका दुपारी धापा टाकत घरात शिरली.

"नाना, चल लवकर. मागच्या रस्त्याला एक ट्रक आहे. नाकवाला! सीरियसली, इतका सुंदर ट्रक मी लाइफमध्ये बघितला नाही."

"तू ट्रक कधी बघितलेस?"

"नाना, प्लीज."

गेलो. दगडूतात्यांच्या गोठ्याशेजारी ती गाडी उभी होती. तात्या म्हणजे या भागातले जुने ट्रकवाले. भाजी, फुलं, कांदा, जे पिकेल ते त्यांनी पुण्याला नेलं. आता वय झालेलं, डोळ्यांना धूसर दिसतं. त्यांच्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, पण केबिनची दुर्दशा होती. छप्पर बसलेलं, दारं लोंबलेली, पावसानं तळाच्या फळ्या कुजलेल्या. तरीही उरलेल्या सागवानाचे सांधे बघून माझी छाती फुगली. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत असं बसलेलं की मधून कागद जाणार नाही.

"बघ," मी सनाला म्हणालो, "हे आमच्या शेडचं काम. लांबून ओळखू येतं."

बाजेवर बसलेल्या तात्यांनी मान हलवली. "न्हाई वो मिस्त्री. ही सोलापूरच्या मानसानं बांधली. तुमच्याकडं आलतो, तर तुम्ही म्हनला येळ न्हाई."

सना अजूनही हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगते.

तेवढ्यात तात्यांचा नातू नितीन आला. नितीनचा स्वतःचा नवा ट्रक आहे, तयार केबिनवाला. त्यानं सांगितलं की जुनी गाडी हायवेच्या एका नव्या हॉटेलवाल्यानं मागितली आहे. पूर्ण गाडी नको. त्याला फक्त नाक हवंय. गॅस कटरनं पुढचा भाग कापून न्यायचा आणि हॉटेलच्या भिंतीवर बसवायचा. दिवे लावणार, लोक पुढे उभे राहून फोटो काढणार.

"आणि बाकीची गाडी?" सनानं विचारलं.

"भंगार."

"म्हणजे तुम्ही तिचं नाक कापणार," सना म्हणाली, "आणि वर लायटिंग करणार."

नितीन जरा वरमला, पण त्याचंही चूक नव्हतं. "ताई, गोठा वाढवायचाय. डबा नुसता जागा अडवून बसलाय. चालवणार कोण? हिच्या गिअरला हात लावला की किंचाळते. मी शब्द दिलाय हॉटेलवाल्याला."

सना तात्यांसमोर जमिनीवरच बसली. "तात्या, आम्ही केबिन बांधून दिली तर?"

"आमी म्हंजे कोन?"

"मी, माझे मित्र, आणि नाना."

मला कुणी विचारलं नव्हतं. तात्यांनी गाडीच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "रंगरंगोटी करून दारात हुबी करनार असाल तर नगं. त्यापरीस हॉटेलात गेली तर चार मानसं तरी बगत्याल. माल भरून मार्केट यार्डात जानार असंल, तर करा. दसऱ्याच्या झेंडूला जायाची ही दर साली. ह्या दसऱ्याला गेली तर ऱ्हाईल. न्हाईतर नित्या, तू बोलाव तुझ्या कटरवाल्याला."

नितीन हसला. त्याला वाटलं, कॉलेजची पोरं चार दिवसांत कंटाळतील. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

गाडी आमच्या शेडमध्ये आणली आणि माळ्यावरची गोणपाटं खाली आली. सना आणि तिचा वर्गमित्र ओंकार दर शनिवार-रविवार यायला लागले, सोबत आणखी दोन-तीन जण. ओंकार कोथरूडचा, तोंडाचा तिखट. पहिल्या दिवशी शेडमधली धूळ बघून म्हणाला, "काका, ही धूळ पण जुनीच आहे का, का रोज नवी येते?" मी त्याच्या हातात झाडू दिला. दुसऱ्या शनिवारी झाडू घेऊन तो माझ्या आधी उभा होता, तेव्हा मला तो आवडायला लागला.

सनानं कॉम्प्युटरवर केबिनचं चित्र काढलं, सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. मी तिला एकच गोष्ट सांगितली. ट्रकचं एक चाक खड्ड्यात गेलं की सगळा सांगाडा पिळला जातो, ओल्या टॉवेलसारखा. केबिन जर घट्ट, ताठ बांधली तर तिला तडा जाईल किंवा दारं आपोआप उघडतील. म्हणून सांध्यात थोडी ढील ठेवायची. किती ठेवायची हे माझ्या बोटांना कळतं, आकड्यात सांगता येत नाही. सनानं तक्रार केली नाही. माझ्याकडून एक सांधा करून घेतला, तो हातानं हलवून बघितला, मग स्वतः केला, पुन्हा हलवून बघितला. चौथ्या वेळी माझ्यासारखा हलला.

आणि एक गोष्ट तिनं मला शिकवली, तीही सांगायला हवी. लाकूड कापण्याआधी या पोरांनी फ्रिजची मोठी खोकी आणली आणि खऱ्या मापाची केबिन पुठ्ठ्याची उभी केली. मी म्हटलं, हा काय खेळ लावलाय. मग त्यांनी तात्यांना हाताला धरून आत बसवलं. तात्यांनी डोळे मिटले. डावा हात गिअरवर गेला, उजवा कोपर खिडकीत टेकला आणि लगेच वर उचलला.

"खिडकीची कड खाली घ्या. कोपर लागतंय. दिवसभर असं टांगून ठिवलं तर खांदा जाईल."

ओंकारनं कटरनं तिथल्या तिथे पुठ्ठा कापला. तात्यांनी पुन्हा कोपर टेकला.

"आजून बोटभर. हां. हितं."

आम्ही काय करायचो? सगळं लाकूड बसवून झाल्यावर ड्रायव्हर असं काहीतरी सांगायचा, आणि मग शिव्या घालत सगळं उकलायचं. पुठ्ठ्याची युक्ती मला जन्मात सुचली नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "रेहाना, पोरीच्या कॉलेजात काहीतरी शिकवतात बरं का."

पावसाळाभर काम चाललं. पोरांच्या हातांना घट्टे पडले आणि त्यांचे फोटो काढून त्यांनी सगळ्या जगाला पाठवले. एकदा चौकट तिरकी बसली आणि आम्ही ती पूर्ण खोलली. एकदा परीक्षा आली आणि शेड ओस पडली, तेव्हा मी एकटाच जाऊन पत्र्याला हातोडी मारत बसलो. करमेना. ते परत आले तेव्हा मी मुद्दाम रागावून बोललो, म्हणजे त्यांना कळू नये.

नितीन रोज संध्याकाळी येता-जाता डोकावायचा. आधी लांबून, मग आतून. एकदा त्यानं न बोलता पान्हा उचलला आणि बॉनेट उघडून इंजिनात डोकं घातलं. त्याच्या पाठीकडे बघून ओंकार म्हणाला, "डब्यात काय शोधताय, नितीनदादा?" नितीन आतूनच म्हणाला, "गप रे."

केबिन चढली, रंग लागला, नाक मूळच्याच गडद हिरव्या रंगात न्हालं. गाडी पासिंगला नेली. पासिंग म्हणजे सरकारी तपासणी. ती झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तपासायला आलेले साहेब तरुण होते. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, धूर बघितला. मग ड्रायव्हरचं दार उघडलं आणि लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. जुन्या लाकडी दाराचा एक भारदस्त आवाज असतो, तिजोरी बंद व्हावी तसा. साहेबांनी तिसऱ्यांदा लावलं.

"साहेब, दारात काही दोष आहे का?" मी विचारलं.

"नाही, नाही," ते म्हणाले, "उगाच."

आता राहिला प्रश्न चालवण्याचा. नव्या गाडीत क्लच दाबला, गिअर टाकला, झालं. या गाडीत क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा गिअर सोडवायला, मग पाय काढून इंजिनाचा वेग जुळू द्यायचा, आणि पुन्हा दाबून पुढचा गिअर टाकायचा. वेग जुळला की गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो. नाही जुळला तर दात दातावर घासतात आणि गाडी खरोखरच किंचाळते. तात्या नितीनला शेजारी बसून शेताच्या रस्त्यावर शिकवत होते. जमत होतं, पण रिकाम्या गाडीवर आणि रिकाम्या रस्त्यावर.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उजाडायला झेंडू भरला. पिवळा आणि केशरी, हौदा काठोकाठ. नितीन स्टेअरिंगवर, मध्ये तात्या, खिडकीशी मी. सना, ओंकार आणि मंडळी मागे दुचाक्यांवर. गाडी सुरू झाली आणि माझ्या पायाखालच्या फळ्या थरथरल्या, तेव्हा मी सहज म्हणून गेलो, "तात्या, स्वतः बांधलेल्या ट्रकमध्ये बसून मी आज पहिल्यांदा कुठेतरी चाललोय."

"काय सांगता!" तात्या म्हणाले. "मंग इतकी वर्सं काय केलं?"

"दुसऱ्यांना पाठवलं."

तात्या मोठ्यानं हसले. बाहेर सकाळ लख्ख होत होती. शेजारून जाणारे लोक वळून बघत होते, एका शाळेच्या बसमधून सगळी मुलं एका बाजूला येऊन हात करत होती. माझी केबिन खड्ड्याखड्ड्याला कुरकुरत होती. ती कुरकुर चांगली असते. लाकूड सांध्यात हलतंय, म्हणजे जगतंय.

हडपसरच्या उड्डाणपुलाच्या चढावर पुढची वाहनं अचानक थांबली. नितीननं ब्रेक लावला. भरलेली गाडी, मागे वाहनांची रांग. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर त्यानं पहिला गिअर टाकून गाडी उचलली, पण दुसरा पडेना. खर्रर्र. गाडीचा वेग गेला, ती थांबली आणि हातभर मागे सरकली. सगळे हॉर्न एकदम सुरू झाले. एक मोटारवाला काच खाली करून ओरडला, "म्युझियममध्ये ठेवा की हिला!" नितीनच्या कपाळावर घाम आला.

"तात्या, न्हाई पडत. उतरतो मी. तुम्ही बसा."

"मला म्होरली गाडी दिसत न्हाई, मी काय बसू?" तात्या शांतपणे म्हणाले. "हॉर्न ऐकू नगंस. हिचं ऐक. पयला टाक. उचल. आता क्लच. सोड. थांब... आवाज खाली यू दे. आजून. आजून थोडा... आता!"

गिअर पडला. कसलाही आवाज न होता, नुसता पडला. गाडीनं एक हलका हिसका दिला आणि सगळा झेंडू घेऊन चढ चढायला लागली. नितीननं तिसरा टाकला, तोही तसाच. आणि हा दाढीवाला, पोराबाळांचा बाप असलेला माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून, "पडला रे! पडला!" असं ओरडला. मागून दुचाक्यांवरून पोरांनी शिट्ट्या मारल्या. मोटारवाल्याला काय पडलं ते कळलं नसावं, पण त्यानंही हॉर्न थांबवला.

मार्केट यार्डात गाडी शिरली तेव्हा हमालांनी हातातली कामं सोडली. पांढऱ्या मिशांचा एक हमाल नाकावर हात फिरवत म्हणाला, "अशा गाड्यांवरनं पोती उतरवूनच माझी पाठ वाकली," आणि मग तिच्याच शेजारी उभा राहून त्यानं फोटो काढून घेतला. तरुण हमाल केबिनमध्ये चढून बघत होते, दार लावून बघत होते. सना त्यांना पिळणारा सांगाडा आणि सांध्यातली ढील समजावून सांगत होती. माझेच शब्द, फक्त मध्ये मध्ये इंग्रजी. ओंकार भाव करायला गेला आणि व्यापाऱ्याशी असा काही तिरकस बोलला की व्यापाऱ्यानं त्याला चहा पाजला.

तेवढ्यात नितीनचा फोन वाजला. पलीकडून हॉटेलवाला. दसऱ्याच्या मुहूर्तावर नाक भिंतीवर चढवायचं होतं, तर कटरवाल्याला कधी पाठवू, असं विचारत होता. नितीननं गाडीकडे बघितलं. हौदा रिकामा होत होता, पाकळ्या उडत होत्या, तात्या पायरीवर बसून चहा पीत होते.

"साहेब, माफ करा, शब्द मोडतोय," नितीन म्हणाला. "गाडी कामावर आहे."

तात्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि आणखी मागितला.

परतताना मी सगळ्यांना बजावलं, उद्या सण आहे, उद्या कुणीही काम काढायचं नाही, घरी गोडधोड खा. सगळ्यांनी हो म्हटलं. दसऱ्याच्या सकाळी मी सहज फेरी मारायला शेडकडे गेलो. गाडीच्या नाकावर झेंडूचा हार होता, पुढे नारळ फुटलेला होता, आणि मागे सना, ओंकार आणि नितीन हौद्याचा जुना फाळका उतरवायला बसले होते. फळ्या खिळखिळ्या झाल्या आहेत, बदलायला हव्यात, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. बिजागरीचा बोल्ट ते उलट्या बाजूनं ठोकत होते.

"अरे गाढवांनो, बाहेरून नाही, आतून!" मी रस्त्यावरूनच ओरडलो आणि धावत सुटलो. इतक्या आनंदानं मी उभ्या आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो.